साठच्या दशकातल्या ग्रँड टूरर प्रोटोटाइपच्या धाटणीचं १:१० क्ले मॉडेल कसं करावं

जुन्या ग्रँड टूररचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठीच्या गाडीचं मॉडेल करायला घेतलं की हात आधी जाळी, दिवे आणि मडगार्डमागच्या हवेच्या फटींकडे जातो. त्या गाड्यांचं रूप मात्र तिथे नसतं. चाकं कुठे आहेत, इंजिन किती उंच आहे, माणूस किती मागे आणि किती खाली बसतो, यावर ते निम्मं ठरतं. उरलेलं निम्मं पत्र्यावरून उजेड कसा सरकतो यावर ठरतं. हे दोन्ही साधलं तर दिवे आणि जाळी नसलेलं, नुसतं तपकिरी मॉडेलसुद्धा ग्रँड टूरर वाटतं. म्हणून इथे क्रम तसाच आहे: आधी मापं, मग सेक्शन (बॉडीचे आडवे छेद), मग उजेड आणि सगळ्यात शेवटी बारीकसारीक भाग. पुढे इंजिन असलेली दोन माणसांची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद छपराची गाडी, गृहीत धरली आहे.

मापांची हेळसांड केली की काय होतं ते लॅम्बोर्गिनी ३५० जीटीव्हीवरून कळतं. ही गाडी १९६३ च्या तुरिन प्रदर्शनात आली. डिझायनर फ्रँको स्कालियोनेने तिचं बॉनेट अतिशय बुटकं आणि देखणं काढलं होतं. पण उभे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) लावलेलं व्ही १२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन त्याखाली बसेना, आणि गाडी इंजिनाविनाच मांडावी लागली. तिच्यावरून पुढे ३५० जीटी बाजारात आली ती तूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने नव्याने आखलेल्या बॉडीसह आणि आडव्या कार्ब्युरेटरांसह. मॉडेलमध्ये इंजिन नसतं, म्हणून ही चूक लपते, असं वाटेल. लपत नाही. आत काहीच मावणार नाही असं बॉनेट डोळ्याला खेळण्यातलं वाटतं, मग पाहणाऱ्याला कारण सांगता येवो वा न येवो.

मापं

खालची सगळी मापं १:१० मधली, मिलिमीटरमध्ये आहेत. दहाने गुणलं की खरी गाडी.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २४०. फेरारी २५० जीटीओचा खरा व्हीलबेस २४०० मिमी आहे, त्यामुळे हे माप या घराण्यातलंच आहे.
एकूण लांबी ४३०: पुढच्या चाकाच्या मध्यापुढे ८५, मागच्या चाकाच्या मध्यामागे १०५.
रुंदी १७०, उंची १२०.
टायरचा व्यास ६७, रुंदी २०, रिम बाहेरून साधारण ४०. ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांतलं अंतर, १४०.
सिलची, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीची, खालची कड जमिनीपासून १४.

चौघांची गाडी करायची असेल तर याच मापांवर छप्पर मागे ताणू नका, व्हीलबेस वाढवा. बेर्तोने या डिझाइन कंपनीत मार्चेल्लो गांदिनीने १९६७ साली लॅम्बोर्गिनीची चौघांची मार्झाल काढली, तेव्हा दोघांच्या मिउराचा २५०० चा व्हीलबेस २६२० केला गेला. व्हीलबेस तोच ठेवून मागची जागा काढायला गेलं की छप्पर मागच्या चाकावर चढतं आणि गाडी कुबडी दिसते.

आता बाजूच्या दृश्याचं चित्र १:१० मध्ये आलेख कागदावर काढा आणि त्यात दोन गोष्टी आधी बसवा. पहिली, इंजिनाचा ठोकळा: मोठ्या व्ही १२ साठी ७५ लांब, ६० रुंद, ६८ उंच. त्याचा तळ जमिनीपासून १४ वर, म्हणजे माथा ८२ वर. वर ३ मिमी मोकळीक सोडली की बॉनेटचा मधला भाग ८५ च्या खाली जाऊ शकत नाही. दुसरी, ड्रायव्हर. पुठ्ठ्याचा कापलेला, मागे रेललेला माणूस असा ठेवा की त्याचं कंबरेचं सांधं जमिनीपासून ३३ वर आणि पुढच्या चाकाच्या मध्यामागे १६५ वर येईल. डोक्याचा माथा ११५ च्या आसपास येतो. त्यावर अस्तर आणि पत्रा धरून छपराचा सर्वोच्च बिंदू १२०. त्याहून बुटकं छप्पर हवं असेल तर झगातो या इटालियन बॉडी बनवणाऱ्या कंपनीचा उपाय आहे: दोन्ही डोक्यांवर वेगळे फुगवटे आणि मधे उथळ दरी. डोक्याला जागा मिळते आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळही कमी होतं.

पुढच्या काचेचा तळ पुढच्या चाकाच्या मध्यामागे ७५ वर घ्या. हे अंतर या शैलीचं खरं मर्म आहे. ते ५० वर आलं की गाडी साध्या कुटुंबाच्या कूपेसारखी दिसू लागते. ११० वर गेलं तर दरवाजा मागच्या चाकाला जाऊन भिडतो. काच उभ्या रेषेपासून ५५ ते ६० अंश कललेली ठेवा.

छपराची मागची उतरण मोजूनच काढा. सर्वोच्च बिंदू पुढच्या चाकाच्या मध्यामागे १६५ वर, उंची १२०. शेपटीची कड ३४५ वर, उंची ८४. म्हणजे १८० मध्ये ३६ ची उतरण, सरासरी साधारण ११ अंश. शेपटीची कड ७० पर्यंत खाली आणली की सरासरी १५ च्या पुढे जाते, आणि छपराचा वरचा भाग जवळजवळ सपाट असल्याने खालचा भाग त्याहूनही तीव्र होतो. इतक्या उतारावर हवा पत्रा सोडते. म्हणूनच वुनिबाल्ड काम या जर्मन वायुगतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी कापलेली शेपटी आली: उतरण सौम्य ठेवायची आणि टोकदार शेपूट करण्याऐवजी ती उभी छाटायची. नुसत्या उतरणीने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही ध्यानात घ्या. ॲस्टन मार्टिनच्या डीपी २१२ या शर्यतीच्या गाडीची मागची बाजू १९६२ च्या ल मान्सच्या शर्यतीत वेगात हलकी पडत होती, आणि नंतर तिच्या शेपटीला वर उचललेली कड द्यावी लागली. मॉडेलमध्ये छाटलेल्या पृष्ठाची वरची कड २ ते ३ मिमी वर वळवली तर हा सगळा अनुभव एका रेषेत येतो. कड मात्र धारदार राहू द्या. तिला गोलाई दिली की हवेसाठीही काही होत नाही आणि डोळ्यालाही ती अर्धवट वाटते.

साहित्य

मॉडेलिंगची औद्योगिक क्ले (तापवली की मऊ होणारी, मेण-तेलाची) ४ किलो. १२ मिमी जाड थर धरला तर मॉडेलला सुमारे ३ किलो लागते, उरलेली दुरुस्तीला. बुडासाठी १८ मिमी जाड, ६०० बाय ३०० चा प्लाय, त्यावर दर १० मिमीला रेघा आणि मधोमध ठळक मध्यरेषा. गाभ्यासाठी दाट थर्मोकोल किंवा पॉलियुरेथेन फोम. टेम्प्लेटसाठी, म्हणजे सेक्शनच्या आकाराच्या कापलेल्या नमुन्यांसाठी, २ मिमी ॲक्रिलिक किंवा जाड पुठ्ठा. १.५ आणि ३ मिमी रुंदीची काळी लवचीक टेप. दातेरी खरवडणी, तारेच्या कड्याची कोरणी, ०.३ आणि ०.५ मिमी जाडीच्या लवचीक पोलादी पट्ट्या (१५० आणि ३०० लांब), गुण्या, व्हर्नियर. उभी सुई लावलेला उंचीमापक नसेल तर लाकडी ठोकळ्याला फुटपट्टी आणि सुई बांधून करता येतो. अक्षासाठी ४ मिमीचे दोन पोलादी रॉड.

क्ले घेताना गंधकविरहित आहे ना ते विचारा. गंधकाची क्ले तासायला छान असते, पण पुढे प्लॅटिनम जातीच्या सिलिकॉनमध्ये साचा काढायचा झाला तर सिलिकॉन क्लेला लागून चिकटच राहतं, सुकत नाही.

गाभा

चाकं सगळ्यात आधी करा. ती शेवटी केलेल्या मॉडेलची उभं राहण्याची ढब कधीच नीट जमत नाही, कारण मडगार्डची कमान अंदाजाने कापलेली असते. एमडीएफचे चार गोल कापून अक्षावर बसवा आणि रॉड बुडाच्या प्लायवर ठोकळ्यांनी ३३.५ उंचीवर पक्के करा.

फोम अपेक्षित बॉडीपेक्षा सगळीकडे १२ मिमी आत कापा. काचांच्या भागात १५ मिमी आत, कारण तिथे बहुतेक वेळा बदल होतात आणि तासताना फोम उघडा पडला की तो तुकडा पुन्हा भरावा लागतो. थर्मोकोल चिकटवायला पांढरा गोंदच वापरा. थिनरचा वास येणारा कोणताही गोंद थर्मोकोल विरघळवतो आणि आत पोकळी राहते. गाभा प्लायला दोन स्क्रूंनी खालून आवळा, नुसत्या गोंदावर विसंबू नका. पृष्ठभाग खरखरीत करून त्यात दर ३० मिमीला टूथपिक तिरक्या खोचा आणि ५ मिमी बाहेर ठेवा. क्ले त्यांना धरून राहते.

क्ले चढवणं

क्ले ५५ ते ६० अंश सेल्सिअसला तापवा. थर्मोस्टॅट असलेली विजेची भट्टी हवी, उघडी शेगडी नको. ७० च्या पुढे गेली की तेल सुटतं आणि ती पुढे ठिसूळ होते. पहिला थर २ ते ३ मिमीचाच, अंगठ्याने फोममध्ये घासून दाबा. हा थर घाईत झाला की खाली हवा अडकते, आणि चार दिवसांनी खोली तापली की तिथे फोड येतो. पुढचे थर गरम क्लेवर गरम क्ले असे लागोपाठ द्या. थंड झालेल्या थरावर चढवायचं असेल तर आधी हेअर ड्रायरने तो ओलसर दिसेपर्यंत तापवा, नाही तर तासताना पापुद्रा निघतो. सगळीकडे हव्या त्या पृष्ठभागापेक्षा ३ मिमी जास्त क्ले ठेवून रात्रभर थंड होऊ द्या.

सेक्शन

इटलीतल्या कारागिरांकडे तेव्हा क्लेचा रिवाज फारसा नव्हता. ती हार्ली अर्लने जनरल मोटर्समध्ये रुजवलेली पद्धत. तुरिन आणि मिलानमध्ये पूर्णाकृती आरेखन, लाकडी साचा आणि त्यावर ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा असा मार्ग होता. तूरिंगच्या सुपरलेज्जेरा रचनेत तर बारीक पोलादी नळ्यांच्या जाळीवर हा पत्रा यायचा. क्लेमध्ये काम करताना हा पत्रा डोळ्यांपुढे ठेवा. हातोडीने घडवलेल्या पातळ पत्र्यात अगदी सपाट जागा ठेवता येत नाही. सपाट पत्रा धावत्या गाडीत डफासारखा वाजतो. म्हणून त्या गाड्यांच्या प्रत्येक भागाला थोडा तरी फुगार असतो. दरवाजाचा भाग लांबीत १०० मिमीला किमान १ मिमी फुगलेला ठेवा, छप्पर रुंदीत ११० ला ५ ते ६. पट्टी टेकवली आणि ती सगळीकडे टेकली, तर तिथे काम बाकी आहे असं समजा.

आडवे सेक्शन दर २० मिमीला काढा. सगळ्यात महत्त्वाचे तीन: पुढचं चाक, दरवाजाचा मध्य, मागचं चाक. आधी हे तीन टेम्प्लेट कापून डाव्या बाजूवर उतरवा, मगच मधले.

पुढच्या चाकावरच्या सेक्शनमध्ये मडगार्डचा माथा ८१, त्याच्या आत दरी ७९, आणि मधे बॉनेटचा फुगवटा ८५. पिनिन फरिना या डिझाइन कंपनीच्या १९४७ च्या चिसितालिया २०२ या गाडीत बॉनेट मडगार्डांच्या माथ्यांपेक्षा खाली गेलं आणि कूपेचं रूपच बदललं. ती गाडी लहान चार सिलिंडरची होती म्हणून हे साधलं. मोठ्या इंजिनाच्या गाडीत तो भास दरीने आणायचा असतो. दरी २ मिमीच हवी. ४ केली की फुगवटा नंतर चिकटवल्यासारखा दिसतो.

दरवाजाच्या सेक्शनमध्ये सगळ्यात रुंद जागा जमिनीपासून ५५ वर ठेवा. तिथून खाली सिलकडे दोन्ही बाजूंनी ५ मिमी आत वळवा, वर काचेच्या तळापर्यंत (उंची ८३) ६ ते ७ मिमी आत. काच उभ्या रेषेपासून साधारण २२ अंश आत कललेली. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये काचा जवळजवळ उभ्या असतात, आणि त्यामुळे खांदा हरवतो. मागच्या चाकावर हाच खांदा सर्वांत रुंद, पूर्ण १७०. चाकाच्या कमानीची कड १६६ वर आणा, म्हणजे टायर तिच्या ३ मिमी आत राहतो. टायर ६ मिमी आत गेला तर गाडी चाकांवर तरंगते, कितीही सुंदर बॉडी असली तरी.

डावी बाजू पूर्ण पटेपर्यंत उजवीला हात लावू नका. मग तेच टेम्प्लेट उलटून मध्यरेषेला जुळवा. दोन्ही बाजू एकाच वेळी सुधारत गेल्याने वेळ दुप्पट लागतो आणि शेवटी ०.५ ते १ मिमीचा फरक कायम राहतो. हा फरक बाजूने दिसत नाही. समोरून पाहिल्यावर दिवे तिरपे वाटतात.

कडा आणि रेषा

काळी टेप हेच इथलं पेन्सिल. पुढच्या मडगार्डपासून शेपटीपर्यंत एकच टेप, न तोडता, दोन टोकं धरून ताणून ठेवा आणि मधे बोटाने दाबा. तुकड्यातुकड्याने लावलेल्या टेपेत प्रत्येक जोडावर मोड येतो आणि तो पुढे क्लेत उतरतो.

एका मॉडेलला एकच मुख्य रेषा द्या. जॉर्जेत्तो जुजारोने बेर्तोनेत असताना केलेली १९६३ ची कॉर्वेअर टेस्टूडो पाहा: गाडीभोवती फिरणारी एक कड वरचा आणि खालचा भाग वेगळा करते, आणि बाकी सगळं तिला वाट देतं. त्याचीच १९६४ ची अल्फा रोमिओ कांगुरो याच्या उलट आहे. तिच्यात कड अशी जवळजवळ नाहीच, काचा थेट बॉडीला चिकटवलेल्या असल्याने रबराची जाड चौकटही नाही, आणि सगळं रूप फुगाराच्या भरवशावर आहे. दोन्हींपैकी एक मार्ग निवडा. मऊ मडगार्ड आणि त्यावर धारदार कड असं मिश्रण साठच्या दशकाचं न वाटता वेगवेगळ्या दशकांची सरमिसळ वाटतं.

स्कालियोनेने अल्फा रोमिओच्या १९५३ ते १९५५ च्या बीएटी गाड्यांना दिले तसे आत वळलेले पातळ पंख करायचे असतील तर नुसत्या क्लेचे करू नका, ते कलतात. ०.५ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, भोकं पाडून फोमपर्यंत २० मिमी खोल रोवा आणि दोन्ही अंगांनी २ मिमी क्ले द्या.

उजेड

या टप्प्याला जितका वेळ द्याल तितका थोडा. आधी दातेरी खरवडणीने तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी तासा. एकाच दिशेने तासलं की लाटा पडतात आणि त्या पट्टीलाही सापडत नाहीत. मग ०.५ ची पट्टी लांबीच्या दिशेने, शेवटी ०.३ ची. पट्टी दोन्ही हातांनी हलकी वाकवून धरा; तिचा बाक आणि पृष्ठभागाचा बाक जुळला की एका ओढीत सलग साल निघतं. साल मधेच तुटलं, तिथे खळगा आहे.

खोलीत अंधार करून एकच लांब ट्यूब मॉडेलच्या वर, लांबीला समांतर धरा. क्ले मंद असते, म्हणून तिच्यावर चकचकीत ताणता येणारी पातळ फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवा आणि बुडबुडे रबराच्या पट्टीने काढा. आता ट्यूब हळूहळू बाजूला न्या आणि उजेडाची रेघ कशी चालते ते पाहा. पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून निघालेली रेघ दरवाजावर बारीक व्हावी आणि मागच्या खांद्यावर पुन्हा रुंद व्हावी, कुठेही न तुटता. दरवाजाच्या मागच्या कडेपाशी ती खाली ओघळली तर मागच्या मडगार्डची सुरुवात उशिरा झाली आहे: फुगार १५ ते २० मिमी आधीपासून, अगदी हळू सुरू करा. रेघ दरवाजावर एकदम रुंद झाली तर तिथे सपाट डाग आहे. रेघेला कोपरा दिसला तर दोन भागांच्या सांध्यातली गोलाई फक्त गोल कोरणीने ओढलेली आहे. गोलाई दोन्ही बाजूंना लांबवत नेऊन विरवा. ३ मिमी त्रिज्येच्या गोलाईला दोन्हीकडे आणखी ५-५ मिमीचा विरता भाग लागतो.

डाग दिसला की तिथेच कोरायचा मोह होतो. तो आवरा. खळगा भरायचा असतो, आणि त्याच्या दुप्पट लांबीत पुन्हा पट्टी ओढायची असते.

पाहण्याची उंचीही चुकते. टेबलावरच्या मॉडेलकडे वरून पाहिलं तर आपण गाडीकडे तिसऱ्या मजल्यावरून पाहत असतो. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६०० वर, म्हणजे इथे १६० वर. कॅमेऱ्याची काच प्लायपासून १६० मिमीवर आणि मॉडेलपासून किमान ८०० वर ठेवून फोटो काढा, आणि रूपाबद्दलचे सगळे निर्णय त्याच फोटोंवर घ्या. वरून अगदी योग्य वाटलेलं छप्पर इथे हमखास जड दिसतं.

बारीक भाग

त्या काळचा सात इंची गोल दिवा १७८ मिमीचा, म्हणजे इथे १८. अमेरिकेत दिव्याचा मध्य जमिनीपासून किमान २४ इंच हवा असे, म्हणजे ६१. बुटक्या नाकाच्या गाड्यांत उघडणारे किंवा मडगार्डात पडून राहणारे दिवे येण्यामागे हे मोठं कारण होतं. नाक ६५ च्या खाली ठेवलं असेल तर कायम उघडे दिवे बसवायचा हट्ट धरू नका, दिव्यांच्या झाकणाच्या रेषा कोरा.

दरवाजा आणि बॉनेटच्या फटी ०.५ मिमी रुंद, टेप लावून तिच्या कडेने बोथट सुईने ओढा; धारदार सुई क्लेला वर उचलते. पुढच्या चाकामागची हवेची फट कमानीच्या कडेपासून किमान १२ मिमी मागे असू द्या. त्याहून जवळ नेली तर मधला पत्रा खऱ्या गाडीत उभा राहिला नसता, आणि डोळ्यालाही तो तुटका वाटतो. बंपर अखंड न ठेवता कोपऱ्यांवर दोन तुकडे ठेवले तर नाक मोकळं राहतं.

रंग देण्याआधी क्लेवर शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर दोन तास थांबा. थेट स्प्रे मारला की रंगातला थिनर क्लेचं तेल वर ओढतो आणि रंग आठवडाभर चिकट राहतो. पहिला हात करडा, मंद. चांदी रंग शेवटी आणि पृष्ठभागाची खात्री असेल तरच, कारण तो काहीही लपवत नाही.

मॉडेल २० ते २५ अंशांच्या खोलीत, उन्हापासून लांब, प्लायसकट ठेवा. उचलताना हात नेहमी प्लायला, बॉडीला नाही. फोम आणि क्ले वेगवेगळ्या मापाने फुगतात, त्यामुळे ऋतू बदलला की पहिली भेग बहुधा पुढच्या काचेच्या तळाशी दिसते. ती बाहेरून बुजवून टिकत नाही. व्ही आकारात ५ मिमी खोल उघडा, ड्रायरने कडा तापवा, गरम क्ले दाबून भरा आणि थंड झाल्यावर पट्टी ओढा.